खानदेशच्या उन्हात कॉर्न स्नेकचं पिल्लू सांभाळायचं असेल तर

कॉर्न स्नेकविषयी जे जे व्हिडिओ मी पाहिले, त्या सगळ्यांत पहिला धडा एकच होता: पिल्लाला ऊब कशी द्यायची. मी राहते भुसावळला. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं. ऊब देण्याचा प्रश्न आपल्याकडे वर्षातले जेमतेम अडीच-तीन महिने असतो. बाकीचा बराच काळ त्या जिवाला थंड कसं ठेवायचं हाच प्रश्न, आणि त्याबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात माझं पिल्लू जाता जाता वाचलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

ज्यांना हा साप अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, भक्ष्याला विळखा घालून मारणारा साप. शास्त्रीय नाव पँथेरोफिस गुटाटस. अंड्यातून निघतो तेव्हा वीतभर, फार तर फूटभर असतो, जाडीला शिसपेन्सिलीपेक्षाही बारीक. पूर्ण वाढला की तीन ते पाच फूट. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो.

१. आधी घर तयार करा, मग पिल्लू

वीस वर्षं म्हणजे तुमचं शिक्षण, नोकरी, लग्न, बदली हे सगळं त्याच्या आयुष्यात येणार. घरात कुणाला लपवून साप आणू नका. माझ्या आजोळी, अमळनेरजवळ, हे कळलं तेव्हा आजी म्हणाली, "व माय, घरमा साप कोन पाळस!" तिला मी पिल्लू आणायच्या आधी दोन महिने फोटो दाखवत होते, म्हणून ती तेवढ्यावर थांबली.

स्वतःला दोन प्रश्न विचारा. मे महिन्यात भर दुपारी तुमच्या घरातली किमान एक खोली ३० अंशांच्या आत राहते का? साधा थर्मामीटर ठेवून खरंच मोजा, अंदाजावर जाऊ नका. आणि घरच्या फ्रीझरमध्ये, किंवा वेगळ्या छोट्या फ्रीझरमध्ये, मेलेले उंदीर ठेवायला घरच्यांची तयारी आहे का? आपल्याकडे बरीच घरं शाकाहारी आहेत, तिथे वेगळा फ्रीझर हाच मार्ग. यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर साप आणू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणायची वेळही महत्त्वाची. मार्च ते जूनमध्ये मागवू नका. प्रवासातच पिल्लू भाजून निघतं. या सापाची पिल्लं साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये अंड्यातून निघतात. ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की नोव्हेंबरच्या सुरुवातीला, चार-पाच वेळा खाल्लेलं पिल्लू आणलं तर उन्हाळ्याआधी त्याला रुळायला चार महिने मिळतात.

२. कागदपत्रं

इथे बहुतेक जण गोंधळतात. आपल्या देशातला कुठलाही साप पाळता येत नाही. धामण असो, तस्कर असो की शेतात सापडलेली दिवड, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली ते सगळे संरक्षित आहेत. कॉर्न स्नेक परदेशी असल्यामुळे त्याची गोष्ट वेगळी.

या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'साइट्स' करारातल्या परदेशी प्रजाती तिच्यामुळे चौथ्या अनुसूचीत आल्या. २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. बॉल पायथन हा आफ्रिकेतला अजगर त्या यादीत येतो. कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही. पण याद्या बदलत असतात, म्हणून आणण्याआधी आपल्या जिल्ह्याच्या वनविभागाच्या कार्यालयात जाऊन सध्याची स्थिती विचारून घ्या. तोंडी उत्तरावर थांबू नका, साधा अर्ज देऊन पोच घ्या.

हे कागद एका फाइलमध्ये ठेवा:

- विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख असलेली पक्की पावती
- पिल्लू बंदिस्त जागेत जन्मलेलं आहे असं विकणाऱ्याने सही करून दिलेलं पत्र
- मूळ जोडी परवान्यावर आयात केलेली असल्यास त्या परवान्याची प्रत
- पिल्लाचे वरून, दोन्ही बाजूंनी आणि पोटाकडून काढलेले फोटो, तारखेसह
- वनविभागाला दिलेल्या अर्जाची पोच

"सगळे असंच विकतात, पावती कशाला" असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. उद्या कुणी तक्रार केली, तर दारात आलेल्या वनरक्षकाला दाखवायला ही फाइलच उपयोगी पडते. पोटावरच्या फोटोचा आणखी एक उपयोग आहे. कॉर्न स्नेकच्या पोटावर मक्याच्या रंगीत दाण्यांसारखी काळी-पांढरी चौकट असते आणि ती ओळख पटवायला फार कामी येते.

३. लागणारं सामान

- दहा-पंधरा लिटरचा, दोन्ही बाजूंना घट्ट क्लिपा असलेला प्लास्टिकचा पारदर्शक डबा
- लपायला दोन जागा
- पाण्याची जड, बुटकी वाटी
- हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) आणि थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला ती बंद करणारं यंत्र), दोन्ही एकत्रच घ्या
- वायरचं टोक आत सोडता येईल असे दोन डिजिटल थर्मामीटर आणि एक आर्द्रतामापक
- बोथट टोकाचा लांब चिमटा
- एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल वजनकाटा
- कोरे टिश्यू किंवा जुनी वर्तमानपत्रं

पिल्लाला मोठी काचेची टाकी घेऊ नका. उघड्या जागेत ते घाबरतं आणि खाणं सोडतं. वाढलं की मोठं घर द्याच, पण पहिलं वर्ष हा डबा पुरतो. एका डब्यात एकच पिल्लू. दोन भावंडं असली तरी वेगळीच ठेवायची.

४. डबा मांडणं

डब्याच्या दोन्ही बाजूंना वरच्या भागात तापलेल्या सळईने भोकं पाडा. भोक पेन्सिल जाईल एवढं झालं तर पिल्लूही जाईल, म्हणून दोन-तीन मिलिमीटरपेक्षा मोठं नको. भोकांच्या कडा आतून घासून घ्या, नाहीतर त्याचं नाक सोलवटतं.

हीट मॅट डब्याच्या बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागाखाली. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि डबा यांच्यामध्ये चिकटपट्टीने पक्का करा. तो सरकला तर मॅट तापतच राहते आणि पिल्लाचं पोट भाजतं. उबदार बाजू २८ ते ३० अंश, थंड बाजू २२ ते २५. दोन्ही बाजूंना एकेक लपण हवं, नाहीतर पिल्लू ऊब आणि आडोसा यांतलं एकच निवडतं आणि बहुधा आडोसाच निवडतं.

अंथरायला सुरुवातीला टिश्यू किंवा कागद बरा, कारण विष्ठा आणि किडे लगेच दिसतात. नंतर धुऊन वाळवलेला नारळाचा भुसा चालतो. देवदार-पाइनचा भुसा आणि वाळू टाळा. ज्या खोलीत डबा असेल तिथे डांबर गोळ्या, मच्छर कॉइल, धूप आणि झुरळांचा फवारा बंद.

५. पहिले दहा दिवस

काही करू नका. पाणी बदला आणि बाजूला व्हा. हे सगळ्यात अवघड आहे हे मला माहीत आहे, पण घरी आल्यावर पाच-सात दिवस पिल्लाला हात लावायचा नाही, पाहुण्यांना दाखवायचं नाही. सहाव्या-सातव्या दिवशी पहिलं खाणं द्या. दोन-तीन वेळा न ओकता खाल्लं की मगच हाताळायला सुरुवात.

६. खाणं

खायला उंदराचं नवजात, बिनकेसाचं पिल्लू. पाळणारे त्याला पिंकी म्हणतात. सापाच्या शरीराचा सगळ्यात जाड भाग असतो तेवढ्याच किंवा दीडपट जाडीची पिंकी, पाच ते सात दिवसांतून एकदा. गोठवलेल्या पिंकी भुसावळ-जळगावच्या दुकानांत मला मिळाल्या नाहीत, पुण्या-मुंबईकडून मागवाव्या लागल्या. पिल्लू आणायच्या आधी किमान दहा पिंकी फ्रीझरमध्ये असू द्या.

पिंकी बंद पिशवीत घालून गार पाण्यात वितळवा, मग कोमट पाण्यात ठेवून अंगाएवढी ऊब आणा. आत बर्फाचा खडा राहिला नाही ना, हे बोटाने दाबून बघा. मायक्रोवेव्ह नको. चिमट्याने पुढे धरा. पकडली नाही तर लपणाच्या तोंडाशी ठेवून दिवा बंद करा. सकाळपर्यंत तशीच राहिली तर फेकून द्या, पुन्हा गोठवू नका. खाल्ल्यावर ४८ तास हाताळायचं नाही.

आता तीन गोष्टी, ज्या आपल्याकडे हमखास चुकतात.

शेतातला किंवा घरातला उंदीर कधीही देऊ नका. कापसाच्या गोदामात, केळीच्या बागेत, धान्याच्या कोठीत सगळीकडे उंदरांचं औषध टाकलेलं असतं. असलं औषध खाल्लेला उंदीर सापाच्या पोटात गेला तर सापही जाऊ शकतो. शिवाय त्याच्या अंगावरचे किडे आणि पोटातले जंत वेगळेच.

दूध देऊ नका. नागपंचमीला शेजारच्या काकू श्रद्धेने वाटी घेऊन येतील. त्यांना दुखवायचं नसेल तर वाटी घ्या, डब्याबाहेर ठेवा, नमस्कार करू द्या. सापाला दूध पचत नाही. त्याला फक्त पाणी, तेही रोज बदललेलं, आपण पितो तेच.

आणि तापमान बघितल्याशिवाय खायला देऊ नका. डब्याची उबदार बाजूही २४ अंशांखाली असेल तर अन्न पोटात कुजतं, ३२ च्या वर असेल तर ओकून पडतं. ओकलं तर दहा-चौदा दिवस थांबून नेहमीपेक्षा लहान पिंकी द्या. लगेच दुसरी देण्याची चूक मी केली होती आणि तीही ओकली गेली.

७. उन्हाळा

माझ्याकडचा प्रसंग आधी सांगते. एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारी तीनची वेळ. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, स्लॅब दिवसभर तापतो. डबा टेबलावर होता, लाइट गेली, कूलर थांबला आणि मी बाहेर होते. परत आले तेव्हा पिल्लू अर्धं पाण्याच्या वाटीत आणि नाक हवेच्या भोकाला लावून वर ताणलेलं. तोंड किंचित उघडं. डब्यातला थर्मामीटर ३७ दाखवत होता. मी डबा उचलून खालच्या मजल्यावर शहाबादी फरशीवर नेला आणि साध्या पाण्यात भिजवलेलं फडकं आत ठेवलं. बर्फाचं पाणी वापरलं नाही, कारण एकदम गार केल्याने धक्का बसतो. तासाभराने ते सावरलं. आणखी अर्धा तास गेला असता तर सावरलं नसतं.

त्यानंतर मी जे पाळते ते असं.

मार्चच्या मध्यापासून हीट मॅट प्लगमधून काढून बाजूला ठेवते. नवखे म्हणतात, "थर्मोस्टॅट आहे ना, तो सांभाळेल." थर्मोस्टॅट फक्त मॅट बंद करतो. खोली ३८ अंश असेल तर डबाही ३८ अंशच होणार.

डबा टेबलावरून जमिनीवर येतो. तळमजला, उत्तरेची भिंत, खिडकीपासून लांब. शहाबादी किंवा कोटा फरशी टाइल्सपेक्षा गार राहते असा माझा अनुभव. गच्चीखालची खोली अजिबात नको.

डब्यात एक लपण मातीचं. कुंभाराकडून पणतीपेक्षा मोठं, बिनरंगाचं छोटं मडकं घ्या, काठाला पिल्लू सहज आत जाईल एवढं तोंड करून घ्या, रोज सकाळी बाहेरून भिजवून पालथं घाला. माठातलं पाणी जसं गार होतं तसंच आतली हवा गार राहते. आपली हवा मार्च-एप्रिलमध्ये इतकी कोरडी असते की याचा दुहेरी फायदा होतो, पुढे कात टाकायला लागणारा ओलावाही मिळतो.

कूलर चालतो, पण झोत थेट डब्यावर नको आणि खिडकी थोडी उघडी हवी. खरा धोका मृगाच्या आधीच्या दहा-पंधरा दिवसांत असतो. आभाळ भरून येतं, हवा दमट होते, पाऊस मात्र पडत नाही. तेव्हा कूलर आणि मडकं दोन्ही निकामी होतात, कारण पाणी सुकतच नाही. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी हे दिवस त्यासाठी राखून ठेवावेत, २६ अंशांवर. ज्यांच्याकडे नाही त्यांनी बर्फाच्या बाटल्यांची तयारी ठेवावी: फ्रीझरमध्ये पाण्याच्या चार बाटल्या गोठवा, एकेक बाटली जाड टॉवेलात गुंडाळून डब्याच्या बाहेर एका टोकाला टेकवा. आत ठेवू नका. लाइट गेली तर डबा आणि गुंडाळलेली बाटली एका मोठ्या थर्माकोलच्या खोक्यात, झाकण किलकिलं ठेवून. तीन-चार तास निभावतात.

मी स्वतः मे महिन्यात पिल्लू आजोळी नेते. मामांचं घर जुनं, धाब्याचं. मातीच्या जाड भिंती, वर मातीचं छप्पर. माजघरात भर दुपारीही पाय गार पडतात. तुमच्या गावी असं घर अजून उभं असेल तर त्याच्याएवढी चांगली जागा नाही. नेताना पहाटे पाचला निघा. गाडीत डबा कधीही एकटा सोडू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

या दिवसांत खाणं रात्री दहानंतर द्या, नेहमीपेक्षा लहान द्या, आणि एखादा आठवडा चुकला तरी घाबरू नका.

८. पावसाळा आणि थंडी

पावसाळ्यात आर्द्रता पिल्लाला मानवणाऱ्या ४० ते ६० टक्क्यांच्या वर जाऊन बसते. अंथरूण ओलं राहिलं तर पोटाचे खवले तांबूस होऊन सडतात. कागद दर दोन दिवसांनी बदला, भुसा काढून टाका.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो. आता मॅट पुन्हा लावा, थर्मोस्टॅट २९ वर. डब्याला तीन बाजूंनी गोधडीची घडी, भोकं उघडी. पहिल्या वर्षी पिल्लाला शीतनिद्रेत घालायच्या भानगडीत पडू नका.

९. कात

डोळे दुधाळ-निळसर झाले, रंग फिकट पडला की कात येणार. लहान पिल्लू साधारण चार ते सहा आठवड्यांनी कात टाकतं. या काळात हाताळू नका, खायलाही देऊ नका. ओलं टिश्यू घातलेली, भोक पाडलेली छोटी डबी आत ठेवा. कात मोज्यासारखी सलग निघायला हवी. निघाली की उजेडात धरून डोळ्यांवरच्या चकत्या आणि शेपटीचं टोक त्यात आहे का बघा. शेपटीवर राहिलेली कात आवळत जाते आणि टोक काळं पडून गळतं. डोळ्यावर राहिली तर नखाने कधीही ओढू नका. ओलसर डबीत अर्धा तास ठेवा, तरी नाही सुटली तर डॉक्टर.

१०. हाताळणं

आठवड्यातून दोन-तीन वेळा, पाच-दहा मिनिटं, बसून. वरून झडप घालू नका, बाजूने हात खाली सरकवा. आधी आणि नंतर साबणाने हात धुवा. सापांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, त्यामुळे पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊ नका आणि डब्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नका.

११. पळालं तर

हे पान जपून ठेवा.

आधी दाराखालच्या फटी टॉवेलने बंद करा आणि शेजाऱ्यांना लगेच सांगा, फोटोसह. लाज वाटते म्हणून गप्प राहिलात तर ते दिसताच कुणीतरी काठी घालेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. कॉर्न स्नेकच्या पाठीवरचे तपकिरी-तांबूस ठिपके घाईत बघणाऱ्याला घोणशीसारखे वाटू शकतात.

याची उलट बाजू त्याहून महत्त्वाची आहे. खानदेशात नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही प्रमुख विषारी साप आहेत. घरात किंवा अंगणात ठिपक्यांचा छोटा साप दिसला म्हणून "माझंच पिल्लू" समजून हात घालू नका. घोणशीचं पिल्लूही वीतभरच असतं आणि तेही विषारी असतं. शंभर टक्के खात्री नसेल तर लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकाला फोन करा. चावा झालाच तर १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा. "आमचा साप बिनविषारी आहे" म्हणून वाट बघू नका.

शोधताना फ्रीजच्या मागे, इन्व्हर्टरजवळ, चपलांच्या रॅकमध्ये, गोधड्यांच्या घडीत बघा. थंडीत पिल्लू उबेकडे जातं, उन्हाळ्यात मोरीकडे आणि माठाच्या तिवईखाली. रात्री उंबऱ्यावर आणि भिंतीच्या कडेने पिठाची बारीक रेघ ओढा, सकाळी त्यावर वळण उमटलेलं दिसतं आणि दिशा कळते. माझं एकदा तीन दिवसांनी कूलरच्या टाकीखाली सापडलं.

सांभाळणं जमत नाही म्हणून तापीकाठी किंवा सातपुड्यात सोडून देऊ नका. एकतर ते मरतं, नाहीतर आपल्याकडच्या सापांना परके आजार देतं. अनुभवी पाळणाऱ्याकडे कागदांसह सोपवा.

१२. डॉक्टर

आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्री बघणारे. साप बघणारा डॉक्टर शोधायला मला पुण्यापर्यंत फोन करावे लागले. हे काम पिल्लू आजारी पडायच्या आधी करा: नाशिक, पुणे, मुंबई या बाजूच्या दोन डॉक्टरांचे नंबर, ते साप तपासतात का आणि कुठल्या वारी.

तोंड उघडं ठेवून श्वास, घरघर, नाकातोंडातून बुडबुडे, खवल्यांत फिरणारे काळे बारीक किडे, दोनदा ओकणं, तीन-चार आठवडे उपास किंवा वजन घटणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. दर आठवड्याला वजन आणि खाण्याची तारीख वहीत लिहा. फोनवर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. नेताना पिल्लू सुती पिशवीत, पिशवी भोकांच्या डब्यात, डबा थर्माकोलच्या खोक्यात. आणि दवाखान्यात पोचण्याआधी फोन करून सांगा की साप घेऊन येतोय, म्हणजे कुत्र्या-मांजरांच्या रांगेत न बसवता ते तुम्हाला थेट आत घेतील.